तंजावरची भिंत

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचे वर्णन बहुधा त्याच्या विमानापासून सुरू होते. पहिल्या राजराज चोळाने इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या या मंदिराचे विमान सुमारे ६० मीटर उंच आहे. त्याची भव्यता निर्विवाद होय. साहित्याचे अभ्यासक म्हणून आम्हांस मात्र तेथील भिंती अधिक बोलक्या वाटतात.

राजराजाने स्वतःची, थोरल्या बहिणीची, राण्यांची व इतरांची दाने विमानाच्या दगडावर कोरण्याची आज्ञा दिली. त्या तमिळ लेखांत दागिन्यांची वजने आहेत. मंदिराच्या सेवेसाठी आणलेल्या ४०० नर्तकींची नावे व घरेही आहेत. चोळांच्या वैभवाची ही दगडी खतावणीच म्हणावी लागेल.

सुमारे आठ शतकांनी याच मंदिराच्या आवारात मराठी अक्षरे उमटली. १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजी राजांनी भोसले घराण्याचा इतिहास तेथील भिंतीवर कोरविला. त्यापूर्वी चारच वर्षे, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला होता. राजांकडे किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख उरला होता. राजराजाचा लेख सत्तेच्या भरतीत लिहिला गेला, सरफोजींचा ओहोटीत. म्हणूनच एकात दानांचा हिशेब आहे आणि दुसऱ्यात पूर्वजांची कहाणी, असे आम्हांस वाटते.

हा इतिहास राजवाड्यात का कोरविला नाही? नायकांनी उभारलेला व मराठ्यांनी वाढविलेला वाडा सरफोजींच्याच ताब्यात होता. परंतु वाड्याचे दैव घराण्याच्या दैवाशी बांधलेले असते. मंदिर मात्र चोळ गेले, नायक गेले, तरी पूजेत राहिले. १८५५ मध्ये तंजावर संस्थान खालसा झाले आणि भिंतीची ही निवड किती दूरदृष्टीची होती, ते दिसून आले.

स्थापत्याचे अभ्यासक या लेखास उत्तरकालीन भर समजून बहुधा पुढे जातात, तर आपण वाङ्मयाचे अध्यापक त्यास इतिहासाचे साधन म्हणून बाजूस ठेवतो. अर्वाचीन मराठी गद्याची कथा आपण छापखान्यापासून सांगतो. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापले गेले ते १८०५ मध्ये. त्याच्या दोन वर्षे आधी मराठी गद्य कावेरीकाठी दगडावर उभे होते. आपल्या अभ्यासक्रमात त्यास जागा नसेल, तर उणीव त्या भिंतीची नव्हे.