चित्रपटातील दृश्यतपशील व व्यक्तिरेखन

चित्रपटातील दृश्यतपशील व व्यक्तिरेखन : वास्तू, वस्तू, वेशभूषा, प्रकाश व परिसर यांची पडद्यावर बारकाईने केलेली मांडणी म्हणजे दृश्यतपशील; तर पात्राचा स्वभाव, त्याचा अंतःसंघर्ष व त्याचे सामाजिक स्थान यांचे क्रमाक्रमाने उलगडत जाणारे दर्शन म्हणजे व्यक्तिरेखन. ही दोन अंगे स्वतंत्र मानण्याचा प्रघात असला, तरी एकाचा कस दुसऱ्यावाचून लागत नाही. महाराष्ट्रात या संबंधाचा इतिहास विशेष लक्षणीय आहे. कारण येथील आद्य चित्रपटकार प्रामुख्याने चित्रकला, छायाचित्रण व शिळामुद्रण या व्यवसायांतून आलेले होते. तपशील कसा रंगवावा, हे त्यांना आधीपासून अवगत होते. त्या तपशिलात वावरणारा माणूस कसा दाखवावा, हे मात्र त्यांना नव्याने शिकावे लागले.

दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांचे शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात झाले. चित्रपटनिर्मितीस भांडवल मिळावे, म्हणून त्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपणारा लघुपट तयार केला. डोळ्यांना एरवी न दिसणारी गती दाखविण्याची ही हौस त्यांच्या सर्व कारकीर्दीत टिकून राहिली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झालेल्या राजा हरिश्चंद्र या मूकपटातील राजवाडे, मुकुट व आश्रम यांचे रूप प्रेक्षकांना राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांतून परिचित होते. पौराणिक पात्राची ओळख वेश व आयुधे यांवरून तत्काळ पटत असल्याने त्याच्या मनोव्यापारांची उकल करण्याची गरज भासत नसे. लंकादहन (१९१७) या चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या आणि प्रेक्षकांना त्यात काही विसंगत वाटले नाही, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. तथापि कालियामर्दन (१९१९) या चित्रपटाच्या आरंभी फाळके यांनी आपली कन्या मंदाकिनी हिच्या चेहऱ्यावरील विविध भाव जवळून दाखविले व मगच ती कृष्णाच्या वेषात अवतरली. वेषापूर्वी चेहरा, हा क्रम त्या काळी नवा होता.

कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी आपले बंधू आनंदराव यांच्यासह नाटकमंडळ्यांसाठी पडदे रंगविले होते. राजवाडा, अरण्य व रस्ता अशा ठरावीक पडद्यांपुढे उभे राहून पात्रांनी बोलावे, ही रंगभूमीची रीत त्यांना हातच्या मळासारखी परिचित होती. आणि बहुधा म्हणूनच चित्रपटातील तिची अपुरेपणाची जाणीवही त्यांनाच प्रथम झाली. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या निर्मितीत त्यांनी रंगविलेल्या सपाट पडद्यांऐवजी खोली असलेले त्रिमितीय नेपथ्य उभारले आणि वेशभूषा व दृश्ये यांची रेखाटने आधी तयार करण्याची शिस्त घातली. सैरंध्री (१९२०) या चित्रपटातील कीचकवधाचे दृश्य इतके वास्तव वाटले, की त्यावर आक्षेप घेतले गेले. सिंहगड (१९२३) या चित्रपटासाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला.

या प्रयोगांची परिणती सावकारी पाश (१९२५) या चित्रपटात झाली. नारायण हरी आपटे यांच्या कथेवर आधारलेल्या या मूकपटात सावकाराच्या कर्जापायी जमीन गमावून शहरातील गिरणीत जाणाऱ्या शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. मंद प्रकाशात चित्रित केलेली ओसाड झोपडी व तिच्याबाहेर ओरडणारे कुत्रे हे त्यातील दृश्य पाहणाऱ्यांच्या स्मरणात दीर्घकाळ राहिले. येथे झोपडी ही केवळ पार्श्वभूमी राहिली नाही. तिच्यातील अंधार हाच त्या कुटुंबाचा इतिहास ठरला. पुराणातील नायकाला ओळखण्यासाठी मुकुट पुरे होता. निनावी शेतकऱ्याला ओळखण्यासाठी मात्र त्याचे घर, त्याचे अंगावरचे कपडे व त्याचे वाकलेले खांदे पाहणे भाग होते. दुर्दैवाने भारतात निर्माण झालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी अगदी मोजकेच शिल्लक असून कोल्हापूरच्या या परंपरेचे मूल्यमापन बव्हंशी छायाचित्रे व आठवणी यांच्या आधारेच करावे लागते.

बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झालेल्या व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल व केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या सहकार्याने १ जून १९२९ रोजी कोल्हापूर येथे प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३३ मध्ये ती पुण्यास हलविण्यात आली. अमृतमंथन (१९३४) या चित्रपटात राजगुरूचा डोळा पडदाभर दाखविला गेला. कपट व धर्मांधता यांचे दर्शन एका अवयवातून घडविण्याचा हा प्रयोग गाजला. परंतु हा राजगुरू एकसुरी होता व त्याला बदलण्यास कथेत वाव नव्हता. तपशील प्रभावी, पण व्यक्ती उथळ, याचे हे एक सन्मान्य उदाहरण म्हणता येईल.

दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या संत तुकाराम (१९३६) या बोलपटात हा तोल सर्वोत्तम साधला आहे. आरंभीच तुकाराम जो अभंग तन्मयतेने गातो, तोच सालोमालो स्वतःचा म्हणून नाटकी हावभावांसह गातो. एकच रचना दोन प्रकारे ऐकवून व दाखवून दोन स्वभाव स्पष्ट केले जातात. फत्तेलाल यांच्या कलादिग्दर्शनातील देहू हे नटवलेले तीर्थक्षेत्र नसून चूल, म्हैस, धान्य व कळकट भिंती यांचे गाव आहे. या घराचा सर्व भार आवली वाहते. कंपनीत किरकोळ कामे करणाऱ्या गौरी या अभिनेत्रीने ही भूमिका केली. आजारी मुलासाठी संतापून देवावर पायताण उगारण्यास निघालेली आवली आणि विष्णुपंत पागनीस यांचा शांत तुकाराम यांच्यातील विरोध हा भक्त व अभक्त यांच्यातील विरोध नाही. उपाशी मुलांना काय घालावे, या प्रश्नाची ती दोन प्रामाणिक उत्तरे आहेत. शेवटी तुकाराम गरुडविमानातून वैकुंठास जातो. हे विमान तांत्रिक दृष्ट्या भाबडे आहे आणि आजच्या प्रेक्षकास त्यातील करामत सहज कळते. तरीही दृश्य फसत नाही, कारण तोवर प्रेक्षकाची दृष्टी विमानावर नसून मागे राहिलेल्या आवलीवर असते. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात हा चित्रपट गौरविला गेला व मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला.

नारायण हरी आपटे यांच्याच कादंबरीवरून शांताराम यांनी काढलेल्या कुंकू (१९३७) या चित्रपटात पार्श्वसंगीत वर्ज्य केले असून ऐकू येतात ते केवळ प्रसंगातील नैसर्गिक आवाज. वृद्ध काकासाहेबांशी (केशवराव दाते) फसवून लग्न लावलेल्या नीरेचे (शांता आपटे) बंड आणि त्या वृद्धाला होणारी आपल्या अपराधाची जाणीव ही दोन्ही आरसा, केसांचा कलप यांसारख्या घरगुती वस्तूंच्या आधारे उभी केली आहेत. खलनायकालाही अंतर्मन असते, हे मराठी चित्रपटाने येथे दाखवून दिले.

त्यानंतरच्या काळात तमाशाप्रधान व विनोदी चित्रपटांचा प्रभाव वाढला व दृश्यतपशील बहुधा ठरावीक वाडे आणि चावड्या यांपुरता उरला. याला काही ठळक अपवाद आहेत. नचिकेत व जयू पटवर्धन या वास्तुविशारद दांपत्याने २२ जून १८९७ (१९७९) या चित्रपटात चाफेकर बंधूंच्या काळातील प्लेगग्रस्त पुणे संयमाने उभे केले. नागराज मंजुळे यांच्या फँड्री (२०१३) या चित्रपटात मेलेले डुक्कर घेऊन जाणारी माणसे भिंतीवर रंगविलेल्या समाजसुधारकांच्या चित्रांसमोरून जातात. रंगविलेल्या पडद्याला बाबूराव पेंटर यांनी चित्रपटातून दूर केले होते. रंगविलेली भिंत येथे परत येते, ती पात्राच्या अपमानाची साक्षीदार म्हणून. चैतन्य ताम्हाणे यांच्या कोर्ट (२०१४) या चित्रपटातील स्थिर कॅमेरा वकील, सरकारी वकील व न्यायाधीश यांच्यामागे न्यायालयाबाहेर जातो व त्यांची खरेदी, स्वयंपाक, सहल अशा निरर्थक वाटणाऱ्या बाबींतून त्यांचे वर्ग व संस्कार उघड करतो. त्यातील लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली होती.

व्हिडिओ गेम या नव्या माध्यमात हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहतो. कारण तेथे पात्र पाहिले जात नाही, तर खेळणाराच ते चालवितो. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा राजी (२०२०) हा खेळ याचे जवळचे उदाहरण होय. त्यातील किल्ले व महाल राजस्थानी वास्तुकलेवरून, तर चित्रशैली पहाडी लघुचित्रांवरून बेतलेली असून कथाभाग छायाबाहुल्यांच्या रूपाने सांगितला जातो. हरवलेल्या भावाचा शोध घेणारी राजी ही सर्कशीतील मुलगी आहे. तिचे भिंतीवरून धावणे, खांबाभोवती गिरकी घेणे यांतून तिची ओळख संवादांपेक्षा अधिक स्पष्ट होते. मात्र परिसर जितका समृद्ध आहे, तितके तिचे मन उलगडत नाही. एका अर्थी ही फाळक्यांच्या पौराणिक चित्रपटांचीच अवस्था म्हणावी लागेल.

बाबूराव पेंटर यांनी जे रंगविलेले पडदे सोडले, ते पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीवर मात्र टिकून राहिले. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा आणि भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतरच्या मंडईपासून गावोगाव रात्रभर नाटके चालतात. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव या तालुक्याला लागून असलेले वडसा (देसाईगंज) हे नाटकमंडळ्यांचे प्रमुख केंद्र आहे. दूरवर बसलेल्या मोठ्या समुदायाला चेहऱ्यावरील सूक्ष्म भाव दिसणे अशक्य असल्याने येथे व्यक्तिरेखन आवाज, हालचाल व गाणे यांवर विसंबते. त्यामुळे या रंगभूमीला भडक ठरविण्याची शहरी समीक्षेची सवय अन्यायकारक आहे. अंतर बदलले की तपशिलाचे प्रमाणही बदलते, एवढाच त्याचा अर्थ. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तृषांत इंगळे दिग्दर्शित झॉलीवूड (२०२२) या चित्रपटाने हीच मंडळी कॅमेऱ्यासमोर आणली. त्यात झाडीपट्टीतील कलावंतांनीच भूमिका केल्या असून रंगमंचावर मोठ्या आवाजात बोलणारी हीच माणसे पडद्यामागे हलक्या आवाजात, आपल्या बोलीत बोलताना दिसतात.