थंड समुद्रातले डायव्हिंग आणि डॉक्टरची सही



गेल्या महिन्यात माझे एक जुने पेशंट दवाखान्यात आले. वय ५४, सहा वर्षांपासून बीपीची गोळी चालू. मुलगा स्कॉटलंडमध्ये नोकरीला. बाप-लेकांनी उन्हाळ्यात ऑर्कनी बेटांजवळ स्कापा फ्लो इथे स्कूबा डायव्हिंग करायचे ठरवले होते. तारकर्लीत आणि अंदमानात त्यांनी डायव्हिंग केलेले, सर्टिफिकेटही आहे. फॉर्म पुढे सरकवून म्हणाले, "डॉक्टर, एवढी सही करून द्या. फॉर्मॅलिटी आहे."

त्या एका सहीमागे शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आज तोच सांगतो.

पुलाच्या पायातला आजार

हा आजार मोठ्या प्रमाणावर दिसला तो पूल बांधणाऱ्या मजुरांमध्ये. एकोणिसाव्या शतकात नदीच्या तळाशी पाया खणण्यासाठी तळ नसलेली प्रचंड पेटी पाण्यात सोडत आणि पाणी आत येऊ नये म्हणून तिच्यात दाबाने हवा भरत. या पेटीला कैसन म्हणतात. मजूर आत ठणठणीत असत. बाहेर आल्यावर मात्र सांधे असह्य दुखत, पाय लुळे पडत, काही जण दगावत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग यांनाच 1872 मध्ये या आजाराने गाठले. पुढे त्यांची पत्नी एमिली त्यांचे निरोप घेऊन कामावर जात असे. 1883 मध्ये पूल खुला झाला.

1878 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी कारण दाखवून दिले. दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. दाब एकदम कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. सोडावॉटरची बाटली फोडल्यावर दिसते ना, अगदी तसे!

शेळ्या आणि स्कॉटलंडचा समुद्र

कारण कळले, पण वर यायचे किती वेगाने? ब्रिटिश नौदलाने हा प्रश्न जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाकडे सोपवला. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या पोलादी टाकीत त्यांनी शेळ्यांवर प्रयोग केले. शेळीच्या पायात कळ आली की ती पुढचा पाय उचलून धरते. बोलता न येणाऱ्या पेशंटचे हेच लक्षण!

हाल्डेन यांच्या लक्षात आले, की दुप्पट दाबावरून साध्या दाबावर आले तर सहसा त्रास होत नाही. मग त्यांनी नियम बसवला: आधी दाब निम्मा होईल इतके वर या, तिथून पुढे ठरावीक खोलीवर थांबत थांबत या. 1906 मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्यूट बेटाजवळच्या खोल खाडीत त्याची परीक्षा झाली. नौदलाचे डॅमंट आणि कॅटो 210 फूट, म्हणजे सुमारे 64 मीटर खोल जाऊन सुखरूप परतले. 1908 मध्ये हे तक्ते प्रसिद्ध झाले. आज मनगटावर बांधतात तो डाइव्ह कॉम्प्युटर याच विचाराचा वंशज आहे.

त्या मोहिमेत हाल्डेन यांचा तेरा वर्षांचा मुलगाही पाण्यात उतरला. पोशाख मापाचा नव्हता, आत पाणी शिरले आणि पोरगा गारठून वर आला. हाच मुलगा पुढे प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन झाला. 1957 मध्ये ते भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.

थंडी काय करते?

स्कापा फ्लोमध्ये 21 जून 1919 रोजी जर्मन आरमाराने आपलीच 52 जहाजे बुडवली. बरीच नंतर वर काढली, पण काही मोठी जहाजे अजून तळाशी आहेत. ती पाहायला जगभरचे पाणबुडे येतात. काही ठिकाणी खोली 45 मीटरपर्यंत, म्हणजे दाब साडेपाच पट. पाणी उन्हाळ्यातही 13-14 अंशांच्या आसपास.

पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून घेते. वर येताना अंग गारठलेले असेल तर हातापायांचा रक्तपुरवठा घटतो आणि तिथला नायट्रोजन लवकर बाहेर पडत नाही.

दुसरा धोका हृदयाचा. थंडीने हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त छातीकडे ढकलले जाते, बीपी वाढते. 1989 मध्ये पीटर विल्म्सहर्स्ट या ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये असे पाणबुडे नोंदवले, ज्यांच्या फुफ्फुसात थंड पाण्यात असतानाच पाणी भरले. त्यांच्यातल्या काहींना पुढे उच्च रक्तदाब जडला. दम लागणे, खोकला, फेसाळ किंवा लालसर थुंकी ही त्याची लक्षणे. पाणी नाकातोंडात गेले असेल, असे समजून अनेक जण दुर्लक्ष करतात.

जायच्या आधी एवढे बघा

- बीपी, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असेल, तर फॉर्ममध्ये खरे लिहा. पंचेचाळिशीनंतर हृदयाची तपासणी करून घ्या.
- बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बंद करू नका.
- गरम पाण्यातला अनुभव थंड पाण्यात पुरत नाही. ड्रायसूट वापरायला आधी उथळ पाण्यात शिका.
- जवळचे रीकम्प्रेशन चेंबर कुठे आहे, हे आधीच विचारून ठेवा.
- एका साध्या डाइव्हनंतर किमान 12 तास, अनेक डाइव्हनंतर किमान 18 तास विमान नको. वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागले असतील तर त्याहून जास्त.
- डाइव्हनंतर सांधेदुखी, मुंग्या, चक्कर, अशक्तपणा किंवा दम लागला तर ताबडतोब ऑक्सिजन आणि वैद्यकीय मदत घ्या. झोपून बरे वाटण्याची वाट पाहू नका.

त्या दिवशी मी सही केली नाही. बीपी 158/96 होते. त्यांना इको आणि ट्रेडमिल टेस्ट करायला सांगितली आणि डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे पाठवले. "मुलाने बोटीचे पैसे भरलेत हो," म्हणत ते नाराज होऊनच गेले. मला वाईट वाटले. पण पैसे पुन्हा मिळवता येतात. जहाजे शंभर वर्षे तळाशी आहेत, आणखी एक वर्ष थांबतील.

काळजी घ्या.