अपामिया : एका नावाची हकीकत



आमची शाळा चौथीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने केले. तेव्हा उच्चार चुकले तर पंडितांनी सांभाळून घ्यावे.

ऑक्सेनहायमर नावाच्या एका जर्मन नटाला कीटकांचा नाद होता. रात्री उडणाऱ्या मातकट पतंगांच्या एका प्रजातीला त्याने १८१६ मध्ये 'अपामिया' हे नाव दिले. त्यांच्या अळ्या गवतावर जगतात, एका जातीच्या तर गव्हाच्या दाण्यावरही. नाव मात्र राणीचे! इ. स. पू. ३२४ मध्ये सूसा येथे अलेक्झांडरने आपल्या सरदारांची लग्ने इराणी घराण्यांत लावली. त्यांत सेल्यूकसला मिळाली अपामा. पुढे राजा झाल्यावर त्याने सीरियात ओरोंतेस नदीकाठच्या शहराला तिचे नाव दिले. त्याचे पाचशे हत्ती तिथेच असत. चंद्रगुप्त मौर्याने तहात दिलेले हत्तीही पाचशेच. मुलाने, म्हणजे अँटायोकसने, आईच्या नावाने फ्रिजियात आणखी एक अपामिया वसवले.

राण्या आणि हत्ती राहोत. आमचे काम यूनसशी. सीरियातल्या अपामियाचा हा माणूस सिसिलीत एन्ना गावी गुलाम होता. पोकळ कवचीत विस्तव ठेवून तोंडातून ज्वाळा काढून दाखवी. (पुढारीपणाच्या युक्त्या जुन्याच!) इ. स. पू. १३५ च्या सुमारास, डामोफिलस नावाच्या धन्याच्या जाचाला विटलेले चारशे गुलाम त्याच्याभोवती जमले. एन्ना पडले. चारशांचे हजारो झाले. शेतघरे आणि पिके त्यांनी जाळली नाहीत. उद्या खायचे होते.

आणि मग? यूनसने स्वतःला 'राजा अँटायोकस' म्हणवून घेतले. सोबतीण, तीही अपामियाचीच, राणी झाली. एन्नातले कैदी मारले, शस्त्रे घडवणारे तेवढे राखले, आणि त्यांना बेड्या घालून कामाला जुंपले.

संपाच्या सभांतून यूनसची गोष्ट आम्ही वर्षानुवर्षे सांगितली, ती हे वाक्य गाळून. गाळायला नको होते.

इ. स. पू. १३२ मध्ये रोमच्या रुपिलियसने उठाव मोडला. यूनस एका गुहेत सापडला. बरोबर चौघे : आचारी, भटारी, न्हाऊ घालणारा आणि विदूषक. मॉर्गांतिनाच्या तुरुंगात तो उवा पडून मेला.

हे सारे डिओडोरसने लिहून ठेवले. त्याचा आधार पोसिडोनियसचा इतिहास, असे विद्वान मानतात. पोसिडोनियसही अपामियाचाच. एकाच गावचे दोघे. एक विकला जाऊन सिसिलीला गेला, दुसरा शिकायला अथेन्सला.