अनारकलीचा गळा

मागे ऑफिसच्या कामासाठी बडोद्याला गेलो होतो. मुक्काम सयाजीगंजात, स्टेशनजवळ. बालगंधर्वांच्या मंडळीला राजाश्रय देणाऱ्या सयाजीरावांचं हे शहर; त्यामुळे गाणाऱ्या नटांचा विषय डोक्यात घोळत राहिला.

२०१६ साली फिरोज अब्बास खान यांनी ‘मुघल-ए-आझम’ मुंबईत रंगमंचावर आणलं. २०२३मध्ये ते अमेरिकेतही गेलं. बहुतेकांना त्यात ब्रॉडवे दिसला. ब्रॉडवेवर नट स्वतः गातात हे खरंच, पण अनारकली निवडतानाची कसोटी आपल्याकडेही जुनीच आहे: जी भूमिका करील तिनेच गायचं. १९६०च्या चित्रपटात चेहरा मधुबालेचा, गळा लताबाईंचा. इथे ते चालणार नव्हतं. म्हणून पुण्याची प्रियांका बर्वे आली, गायिका मालती पांडे-बर्वे यांची नात.

गंमत बघा, लताबाईंचे वडील मास्टर दीनानाथ आमच्या मंगेशीचे. ते स्त्रीभूमिका करायचे आणि पदंही स्वतःच गायचे. रंगभूमीला उसना गळा ठाऊकच नव्हता.

गोव्यात देवळांच्या उत्सवांतल्या संगीत नाटकांना अजून हीच कसोटी लागते. गावच्या नाटकात मला तालमीच्या पहिल्याच दिवशी भालदार केलं होतं.