‘लूसिया’चा शेवट आणि लवण राजाचे स्वप्न

पवन कुमार यांचा ‘लूसिया’ हा कन्नड चित्रपट ६ सप्टेंबर २०१३ रोजी प्रदर्शित झाला. निर्माता मिळेना, तेव्हा शंभराहून अधिक सामान्य प्रेक्षकांनी वर्गणी काढून सुमारे ५१ लाख रुपये उभे केले. चित्रपट प्रेक्षकांचाच झाला खरा. त्याच्या शेवटाविषयी मात्र त्यांच्यात एकमत झाले नाही.

बंगळूरमधील एका जुनाट चित्रगृहात बॅटरीच्या उजेडात खुर्च्या दाखवणारा निक्की निद्रानाशाने त्रस्त आहे. ‘लूसिया’ नावाची गोळी त्याला झोप देते आणि हवे ते स्वप्नही. स्वप्नात तो लोकप्रिय नट होतो. निक्कीचे जग रंगीत, नटाचे कृष्णधवल. त्यामुळे रंग असेल ते खरे, असे आपण गृहीत धरतो. अखेरीस कळते की नट खरा होता, स्वप्न निक्कीचे होते.

आक्षेप मुख्यतः विज्ञानकथेच्या बाजूने येतो. ज्या गोळीचे नियम आपण तासभर समजून घेतले, तीच स्वप्नातली ठरली तर विज्ञान उरले कोठे? हा वाद नवा नव्हे. स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ (१९६८) या चित्रपटाच्या अंतिम भागाने असेच तट पाडले होते, पण तेथे आर्थर क्लार्क यांची त्याच वर्षीची कादंबरी उलगडा करायला हाताशी होती. ‘लूसिया’च्या प्रेक्षकाला असा आधार नाही.

मला मात्र येथे योगवासिष्ठातील लवण राजा आठवतो. गारुड्याच्या मायेने तो सिंहासनावर बसल्याबसल्या चांडाळवस्तीत अनेक वर्षे संसार करतो, दुष्काळ भोगतो आणि जागा होतो. पुढे विंध्याच्या परिसरात शोध घेता ती वस्ती त्याला खरोखरच सापडते. त्याच्यासाठी शोक करणारी वृद्धाही भेटते. ग्रंथ दोन्ही जगे उभी ठेवतो. ‘लूसिया’ त्यांतले एक पुसून टाकतो, आणि माझ्या मते त्याची उणीव येथे आहे, गोळीच्या शास्त्रात नाही.

तरीही दिग्दर्शकाची निवड क्षुल्लक नाही. गरिबाने नट होण्याचे स्वप्न पाहावे, हा आपल्या चित्रपटांचा जुना धंदा. येथे सर्व काही मिळालेला नट अंधारातली बॅटरी आणि पिझ्झाच्या दुकानात राबणारी श्वेता स्वप्नात मागतो. बंगळूरच्या केंपेगौडा रस्त्यावरील एकपडदा चित्रगृहे एकामागून एक पडत गेली; त्या शहरात असा निक्की आता बहुधा कोणाच्या तरी आठवणीतच उरणार. पण ज्याच्या दारिद्र्यावर आपण जीव लावला, ते एका श्रीमंताचे मनोरंजन होते, हे ऐकून प्रेक्षक चिडला तर त्याला अरसिक कसे म्हणावे? वर्गणी त्याने निक्कीसारख्यांच्या भरवशावरच दिली असणार. चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना तर निक्कीच्या खोलीतले रंग जरा जास्तच गडद वाटू लागतात.