पातं आणि त्याचं घर : विळीच्या पाटापासून सुऱ्यांच्या स्टँडपर्यंत

(मार्केट यार्ड परिसरात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय फलकावर लिहिला आहे, 'स्वयंपाकघरातील पात्याचा इतिहास'. मला संयोजकांनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाला हा विषय कशाला? मी म्हटलं, तत्त्वज्ञान म्हणजे नेहमीच्या वस्तूकडे थोडं थांबून बघणं. तेवढंच आज करू. आणि शेवटची वीस मिनिटं सुऱ्या ठेवायचा लाकडी स्टँड घरी कसा करायचा हे सांगणार आहे, त्यामुळे मधे झोप लागली तरी शेवटाला जागे व्हा. (हशा)

प्रश्न साधा आहे. घरातल्या सुऱ्या कुठे असतात? बहुतेक घरांत त्या ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये असतात. चमचे, सोलाणं, किसणी आणि लायटर यांच्या गर्दीत. रात्री दिवे गेले, की तिथे हात घालणारा माणूस पंचाहत्तरीचा असतो, किंवा सहा वर्षांचा नातू असतो. ही वेळ आपल्यावर कशी आली, याला इतिहास आहे.

आपल्याकडे सुरी नवीन नाही. 'सुरी' हा शब्द संस्कृत 'छुरिका'शी नातं सांगतो, आणि 'चाकू' फारसीच्या वाटेने आला. दोन्ही शब्द मराठीत जुने. पण रोजच्या भाजीचं काम त्यांच्याकडे नव्हतं, ते विळीकडे होतं. मालवणीत तिला मोरळी म्हणतात, गोव्याकडे आदोळी. कानडीत ईळिगे मणे, तेलुगूत कत्तिपीट, तमिळमध्ये अरिवाळमणै, बंगालीत बोंटी, ओडियात पनिकी. नावं वेगळी, कल्पना एकच : पातं स्थिर, भाजी हलती. यातली काही नावं फोडून बघा. कानडी 'मणे' म्हणजे पाट. तेलुगू 'पीट' म्हणजेही पाट. म्हणजे नावातच धार आणि लाकूड एकत्र बसवलेलं आहे.

हे महत्त्वाचं आहे. सुरीच्या बाबतीत पातं एक वस्तू आणि ते ठेवायची जागा दुसरी वस्तू. विळीच्या बाबतीत पात्याचं घर पात्याला जन्मतःच मिळालेलं असतं. काम झालं की पातं मिटायचं, पाटावर आडवं करायचं आणि विळी भिंतीला टेकवायची. 'विळी उघडी ठेवू नये' ही घराघरातली ताकीद होती. कोणी त्याला अपशकुनाचं कारण द्यायचं, कोणी नाही. पण रांगतं मूल घरात असताना त्या ताकिदीमागचा शहाणपणा कळायला शकुन लागत नाही.

विळी कोण करायचं? इथे गावगाडा येतो. पातं लोहाराचं, पाट सुताराचा. बारा बलुतेदारांपैकी दोघांचं काम एका वस्तूत. शिवाय गावोगाव फिरणारे घिसाडी विळे-खुरपी घडवून द्यायचे. धार लावणारे शिकलगार. हा शब्दही अरबी-फारसीतून आला, मूळ अर्थ घासून चकचकीत करणारा. म्हणजे बाईच्या पुढ्यातली एक विळी म्हटलं तरी तिच्यामागे तीन-चार व्यवसाय उभे असायचे. आज पातं बोथट झालं, की आपण सुरीच बदलतो. तो धारवाला सायकलचं चाक फिरवत अजून कधीमधी आपल्या सोसायट्यांतून जातो. त्याला हाक मारत चला.

आता थोडं तत्त्वज्ञान, फार नाही. ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'च्या पहिल्याच भागात डेल्फीच्या सुरीचा उल्लेख केला आहे. ही एक सुरी अनेक कामांना चालायची. तो म्हणतो, निसर्ग असा कंजूषपणा करत नाही. तो एका कामाला एक वस्तू देतो, आणि साधन एकाच कामाचं असलं तरच ते उत्तम होतं. आता त्याच्यापुढे आपली विळी ठेवा. पात्याने भाजी चिरा, टोकाच्या खवणीने नारळ खवा, मासे साफ करा, फणसही फोडा. ॲरिस्टॉटलने नाक मुरडलं असतं. पण चार भांड्यांच्या संसारात अनेक कामांचं एक साधन हा कंजूषपणा नसतो, ती सोय असते. तत्त्व कोणाच्या स्वयंपाकघरात उभं राहून मांडलं आहे, हे विचारायला हवं.

आपल्या व्याकरणपरंपरेतही पातं आहे. पाणिनीने 'करण' म्हणजे साधन कशाला म्हणायचं ते सांगितलं, आणि काशिकावृत्तीत त्याची उदाहरणं म्हणून विळ्याने कापणं आणि कुऱ्हाडीने तोडणं येतं. क्रिया सिद्ध करण्यात जे सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं ते साधन. पण क्रिया संपल्यावर साधनाचं काय? व्याकरण तिथे थांबतं, आणि ते ठीकच आहे. घर मात्र तिथे थांबू शकत नाही.

चीनमधल्या च्वांगत्झूच्या ग्रंथात एका खाटकाची गोष्ट आहे. तो राजासमोर बैल कापतो. त्याची सुरी एकोणीस वर्षं वापरूनही नव्यासारखी आहे, कारण ती हाडावर आपटत नाही, सांध्यांमधल्या पोकळीतून जाते. ही गोष्ट सगळे सांगतात, त्यातलं कौशल्य सांगतात. पण शेवटी तो काय करतो? सुरी पुसतो आणि नीट ठेवून देतो. हे वाक्य लोक विसरतात. माझ्या मते एकोणीस वर्षांचं निम्मं श्रेय त्या वाक्याचं आहे.

आता विळी गेली कशी ते बघू. मी दोन कारणं मानतो : स्वयंपाकघर उभं राहिलं, आणि पोलाद बदललं.

1926 साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी बाईने फ्रँकफर्ट शहरातल्या नव्या घरांसाठी एक लहान स्वयंपाकघर आखलं. प्रत्येक वस्तूला जागा, बाईची पावलं वाचावीत असा हिशोब. पिठाचे कप्पे ओकच्या लाकडाचे, कीड लागू नये म्हणून. अशी हजारो स्वयंपाकघरं बांधली गेली, आणि आज जे मॉड्युलर किचन आपण घेतो त्याची ती आजी. गंमत म्हणजे त्यात काम करायला बसायचं स्टूलसुद्धा होतं. ते स्टूल पुढे गळालं, ओटा राहिला.

आपल्याकडे काय झालं? 1963 साली महाराष्ट्रात दोन कायदे झाले. एक शेतमालाच्या पणनाचा, ज्याच्या चौकटीत आजच्या बाजार समित्या चालतात. दुसरा मालकी हक्काच्या फ्लॅटचा. पहिल्याची खूण म्हणजे आपण बसलो आहोत तो हा परिसर. पुण्याची घाऊक भाजी एके काळी मंडईत यायची. ती इमारत 1880च्या दशकातली, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाची. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला होता, आणि पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव दिलं गेलं. इतिहासाला विनोद कळतो. मग शहर वाढलं आणि घाऊक बाजार गुलटेकडीला आला. दुसऱ्या कायद्याची खूण म्हणजे या बाजाराभोवतीच्या सोसायट्या. भाजी इथे उतरते आणि शंभर पावलांवरच्या तिसऱ्या मजल्यावर चिरली जाते.

फ्लॅटमध्ये ओटा आला. चूल जमिनीवर असते, गॅसची शेगडी ओट्यावर. इंडेनचं पहिलं कनेक्शन 1965 साली कोलकात्यात दिलं गेलं, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत सिलिंडर मध्यमवर्गाच्या घरात पोचला. शेगडी वर गेली, की चिरणाराही उभा राहतो. एकीकडे फोडणी जळते आहे आणि आपण जमिनीवर विळीपुढे, हे जमत नाही. त्यात गुडघे. मांडी घालून, एक पाय पाटावर दाबून बसणं साठीनंतर किती जणांना जमतं, हे या सभागृहाला सांगायला नको.

दुसरं कारण पोलाद. विळीचं पातं साध्या लोखंड-पोलादाचं. लिंबू-चिंचेने काळं पडणारं, पुसलं नाही तर गंजणारं. 1913 साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने क्रोमियम घातलेलं न गंजणारं पोलाद तयार केलं आणि काही दशकांत स्वस्त स्टेनलेस सुऱ्या जगभर गेल्या. आपल्याकडे त्या बोहरी आळीत डझनावारी मिळायला लागल्या.

विळी गेली याचं मला सरसकट दुःख नाही. जमिनीवर बसून तासन्‌तास चिरणं हे बायकांच्याच वाट्याला होतं. ओटा आल्यावर पुरुषाला 'मला खाली बसता येत नाही' हे कारण उरलं नाही. हा फायदा मोठा आहे. पण या देवघेवीत एक गोष्ट हरवली. पातं आलं, त्याचं लाकूड आलं नाही. सुरीला घर नाही आणि ते देणं कोणाचंच काम नाही. सुतार मॉड्युलर किचनवाला झाला, लोहार कारखाना झाला. जबाबदारी मधल्या फटीत पडली.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात श्रीमंतांकडे सुऱ्यांच्या सुंदर महोगनी पेट्या असत, तिरक्या झाकणाच्या. पण त्या जेवणाच्या दालनात, चांदीच्या मुठी मिरवायला आणि कुलपात ठेवायला. स्वयंपाक करणाऱ्याच्या हाताची काळजी हा त्यांचा हेतू नव्हता. आपण जो स्टँड करणार तो त्या हातासाठी आहे.

तर आता लाकूड. इथून जवळ भवानी पेठेत टिंबर मार्केट आहे. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिळालं तर उत्तम. ते पुरतं वाळलेलं असतं आणि पावसाळ्यात फारसं फुगत नाही. खिळे राहिलेले नाहीत ना, हे मात्र चुंबक फिरवून बघा, नाहीतर करवत जाईल.

घरी करताना अखंड ठोकळ्यात खाचा पाडायला जाऊ नका. वीस सेंटिमीटर खोल, तीन मिलिमीटर रुंद खाच पाडणं कसलेल्या सुतारालाही अवघड. सोपी युक्ती अशी, की खाच पाडायचीच नाही, फटी सोडायच्या. चार फळ्या घ्या, 25 सेंटिमीटर लांब, 12 रुंद, 2 जाड. रेषा लांबीच्या दिशेने, आणि चारही फळ्यांची दिशा एकच, म्हणजे हवामानाने हलल्या तरी एकत्र हलतील. दोन फळ्यांच्या मधे तीन बारीक पट्ट्या उभ्या चिकटवायच्या : दोन कडांना, एक मधे. पट्टी सुमारे सव्वा सेंटिमीटर रुंद, आणि जाडी सुरीच्या पाठीपेक्षा मिलिमीटर-दीड मिलिमीटर जास्त. मधली पट्टी एका बाजूला सरकवा. मोठ्या सुरीला पाच सेंटिमीटर जागा, छोटीला तीन. चार फळ्यांत तीन फटी, प्रत्येकीत दोन घरं, एकूण सहा. याहून जास्त सुऱ्या असतील तर आधी सुऱ्या कमी करा.

वॉटरप्रूफ फेव्हिकॉल वापरा, पट्टीला पातळच लावा, आणि फटीत ओघळलेला ओला असतानाच काडीने काढा. क्लॅम्प लावून चोवीस तास ठेवा. मग रंधा, मग काचकागद. खालचं टोक तिरकं कापा, ठोकळा पंधरा-वीस अंश मागे कलेल इतकं. खाली रुंद फळी स्क्रूने बसवा, आणि फटींच्या खाली तिला भोकं ठेवा, म्हणजे पाणी आणि कचरा अडकणार नाही.

फळ्या पुढून मागे रचायच्या, डावीउजवीकडे नाही. कारण ठोकळा मागे कलला, की पातं आपल्या सपाट बाजूवर टेकतं, धार लाकडावर घासत नाही. सागवानात वाळूसारखा सिलिका असतो, तो धार खातो. पातं कुशीवर निजवा, एवढं लक्षात ठेवा.

बाहेरून जवसाचं तेल लावा. ते हवेत वाळून घट्ट होतं. गोडेतेल वाळत नाही, खवट होतं. आतल्या फटी कोऱ्या ठेवा. आणि तेलाचं फडकं चुरगाळून टाकू नका, उलगडून बाहेर वाळवा. जवसाच्या तेलाचं फडकं आपोआप तापून पेट घेऊ शकतं.

एक आक्षेप खरा आहे. लाकडी स्टँडमध्ये ओल राहिली तर बुरशी येते. त्यावर उपाय लाकडात नाही, आपल्यात आहे : सुरी धुवा, पुसा, मग ठेवा. त्या खाटकाचं शेवटचं वाक्य.

(श्रोत्यांतून एका बाईंचा प्रश्न : सर, मग विळी टाकून द्यायची का?)

नाही हो ताई. गुडघे ऐकत असतील तर वापरा. फणसाला आणि नारळाला तिच्यासारखं काही नाही. वापरत नसाल तर पातं मिटून, तेलाचा हात फिरवून ठेवा. आणि नातवाला दाखवा, की बघ, या वस्तूत धार कुठे आणि ती झाकायची कशी हे एकाच वेळी ठरवलेलं होतं. मग त्याला सोबत घेऊन फळ्यांना काचकागद मारायला बसवा. करवत तुमच्या हातात, काचकागद त्याच्या हातात. सहा वर्षांच्या मुलाला 'सुरीला हात लावू नको' हे शंभरदा सांगण्यापेक्षा सुरीचं घर त्याच्याकडून घासून घेतलेलं बरं. आपण बांधलेल्या घरात कोण राहतं, हे मुलं विसरत नाहीत.