आंतरक्रियात्मक वेब-आलेख

आंतरक्रियात्मक वेब-आलेख म्हणजे वेब पानावर आज्ञावलीद्वारे रेखाटला जाणारा आणि वाचकाच्या कृतीला प्रतिसाद देणारा आलेख होय. रेषेवरील बिंदूवर माऊस नेताच त्या दिवसाचा आकडा दिसणे, वर्ष बदलताच स्तंभांची उंची बदलणे, नकाशातील जिल्ह्यावर बोट ठेवताच त्याची माहिती उघडणे ही त्याची नेहमीची रूपे आहेत. छापील आलेख एकदाच तयार होतो. वेब-आलेख मात्र प्रत्येक वाचकाच्या यंत्रावर, त्याच्या ब्राउझरमध्ये व त्याच्या घड्याळानुसार नव्याने काढला जातो, त्यामुळे एकाला बरोबर दिसणारा आलेख दुसऱ्याला चुकीचा दिसू शकतो. प्रस्तुत लेखात अशा आलेखांची आज्ञावली लिहिताना येणाऱ्या नेहमीच्या अडचणी व त्यांवरील उपाय यांचा विचार केला आहे. उदाहरणे मुख्यतः नागपूरच्या तापमानाच्या नोंदी आणि महाराष्ट्रातील जिल्ह्यांची लोकसंख्या यांवरून घेतली आहेत.

पार्श्वभूमी

सुरुवातीच्या काळात असे आलेख बहुधा फ्लॅश तंत्रावर चालत. २००२ मध्ये कोलकात्यात सुरू झालेली फ्यूजनचार्ट्स ही लायब्ररी याच तंत्रावर उभी राहिली व पुढे जावास्क्रिप्टकडे वळली. अडोबीने २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा आधार काढून घेतला. तोपर्यंत ब्राउझरमध्येच रेखाटनाच्या दोन पद्धती रुळल्या होत्या. एसव्हीजी पद्धतीत आलेखातील प्रत्येक आकृती हा पानाचा स्वतंत्र घटक असतो, तर कॅनव्हास पद्धतीत सगळे चित्र एकाच पृष्ठावर रंगवले जाते. माइक बोस्टॉक, जेफ्री हीर व वादिम ओगिएवेत्स्की यांनी २०११ मध्ये मांडलेली डीथ्री ही लायब्ररी प्रामुख्याने एसव्हीजीचा वापर करते. २०१३ मध्ये आलेली चार्ट.जेएस कॅनव्हासचा. एका लायब्ररीत सहज सुटणारी अडचण दुसरीत अवघड वाटते, त्याचे कारण पुष्कळदा या फरकात असते.

दोष कोठे शोधावा

आलेख दिसला नाही की नवशिक्या प्रोग्रामरचे लक्ष रंग, अक्ष व मांडणी यांकडे जाते. प्रत्यक्षात बहुतेक दोष रेखाटनाच्या आधीच, विदा वाचली जाताना निर्माण झालेले असतात. म्हणून तपासणीचा क्रम ठरलेला असावा. विदा ब्राउझरपर्यंत पोहोचली का, हे प्रथम नेटवर्क फलकात पाहावे. ती अपेक्षित स्वरूपात आहे का, हे पहिल्या दोन-तीन नोंदी कन्सोलमध्ये छापून पाहावे. रेखाटनाकडे त्यानंतर वळावे.

विदा न पोहोचण्याची कारणे थोडी आहेत. पान संगणकावरील फाइल म्हणून थेट उघडले असल्यास सुरक्षेच्या नियमामुळे ब्राउझर शेजारची विदा-फाइल वाचू देत नाही. त्यासाठी स्थानिक सर्व्हर चालवावा लागतो. विदा येण्यास वेळ लागतो, हे विसरून आलेखाची आज्ञा आधीच चालवली तर रिकामे अक्ष तेवढे दिसतात. ज्या चौकटीत आलेख काढायचा, ती पानावर तयार होण्यापूर्वीच आज्ञावली चालली तरी परिणाम तोच होतो.

संख्या आणि मजकूर

सीएसव्ही फाइलमधून वाचलेले मूल्य संख्येसारखे दिसले तरी ते मजकूर असते. मजकुराची तुलना कोशातील शब्दांप्रमाणे पहिल्या वर्णापासून होते, त्यामुळे ९.८ हे ४३.२ पेक्षा मोठे ठरते. नागपूरचे किमान तापमान हिवाळ्यात दहा अंशांखाली जाते व मे महिन्यात कमाल तापमान पंचेचाळीसच्या घरात पोहोचते. वर्षभराच्या अशा नोंदींतील सर्वांत मोठे मूल्य मजकूर म्हणून शोधले, तर थंडीतली एखादी पहाट सर्वांत उष्ण ठरते आणि उन्हाळ्याची रेषा चौकटीबाहेर निघून जाते. उपाय सोपा आहे: वाचतानाच प्रत्येक रकान्याचे संख्येत रूपांतर करावे. डीथ्रीमध्ये हे काम फाइल वाचणाऱ्या फंक्शनला दिलेल्या पंक्ती-फंक्शनमध्ये होते.

स्वल्पविराम अधिक फसवा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या ४६,५३,५७० होती. हा आकडा स्वल्पविरामांसह ‘पार्सफ्लोट’ या फंक्शनला दिल्यास ते पहिल्या स्वल्पविरामाशी थांबते आणि ४६ हे उत्तर देते. कोणताही त्रुटी-संदेश येत नाही. नागपूरचा स्तंभ तेवढा दिसेनासा होतो. ‘नंबर’ हे फंक्शन याच आकड्याला ‘संख्या नव्हे’ असे मूल्य देते. ते गैरसोयीचे वाटले तरी अधिक प्रामाणिक आहे, कारण चूक लगेच लक्षात येते.

देवनागरी अंकांत लिहिलेली संख्या जावास्क्रिप्टला संख्या म्हणून ओळखता येत नाही. मराठी अहवालांतून घेतलेल्या तक्त्यांत अशा संख्या सर्रास आढळतात. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ असून पुढील अंक क्रमाने येतात. म्हणून प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केल्यास त्याचे मूल्य मिळते.

आकडे दाखवताना अडचण उलट दिशेने येते. लायब्ररी मुळात तीन-तीन अंकांचे गट पाडतात व मोठ्या संख्यांना दशलक्षाचे संक्षेप लावतात. मराठी वाचकाला लाख व कोटी हवे असतात. ब्राउझरमधील ‘इंटल’ या सुविधेला मराठी-भारत अशी भाषा सांगितल्यास गट भारतीय पद्धतीने पडतात आणि अंकही आपोआप देवनागरी होतात. हिंदी-भारत सांगितल्यास मात्र अंक इंग्रजीच राहतात. डीथ्रीच्या अंक-स्वरूपात गटांची लांबी व अंकांची यादी स्वतः द्यावी लागते. हे रूपांतर शेवटच्या टप्प्यावर, केवळ दर्शनी मजकुरासाठी करावे. सजवलेली संख्या पुन्हा गणितात वापरली, की वरचीच चूक परत येते.

दिनांक

जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजले जातात. वर्ष, महिना व दिवस वेगवेगळे देऊन दिनांक बनवताना पाच लिहिले तर जून महिना होतो.

आपल्याकडील प्रचलित पद्धतीने, दिवस आधी लिहून दिलेली तारीख ब्राउझर बहुधा अमेरिकन पद्धतीने वाचतो. त्यामुळे ०३/०५/२०२४ ही तारीख ३ मे न राहता ५ मार्च होते, आणि ३०/०५/२०२४ अवैध ठरते. परिणामी महिन्यातील पहिल्या बारा दिवसांच्या नोंदी वर्षभर विखुरतात व उरलेल्या गळून पडतात. हे चित्र एकदा ओळखीचे झाले, की दोष पाहताक्षणी कळतो.

कालविभागाचा दोष याहून सूक्ष्म आहे. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिलेली, वेळ नसलेली तारीख जागतिक प्रमाणवेळेतील मध्यरात्र मानली जाते. नागपुरात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात आणि तारीख तीच राहते, म्हणून चूक येथे दिसत नाही. तोच आलेख न्यू जर्सीतील एखाद्या मराठी कुटुंबाने उघडला, तर ३० मेची नोंद २९ मेच्या संध्याकाळी दिसते. उलट, भारतातील मध्यरात्र जागतिक वेळेच्या मजकुरात बदलल्यास आदल्या दिवसाचे साडेअठरा वाजतात, आणि जतन केलेली तारीख एका दिवसाने मागे जाते. दैनिक नोंदींसाठी वाचताना व दाखवताना एकच कालविभाग पाळावा, हे उत्तम.

गहाळ आणि संशयास्पद नोंदी

रिकाम्या मजकुराचे संख्येत रूपांतर केल्यास जावास्क्रिप्टमध्ये उत्तर शून्य येते. संवेदक बंद असलेल्या दिवशी रकाना रिकामा असेल, तर भर मे महिन्यात नागपूरचे तापमान शून्य अंशांवर आल्याचे आलेख दाखवतो. त्यामुळे रिकामा रकाना आधी ओळखून त्याला ‘नल’ हे मूल्य द्यावे. चार्ट.जेएसमध्ये अशा ठिकाणी रेषा खंडित होते. ती जोडायची झाल्यास तसा पर्याय आहे. डीथ्रीमध्ये रेषेसाठी ‘डिफाइन्ड’ ही अट द्यावी लागते. खंड जोडावा की ठेवावा हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. जोडलेली रेषा न झालेले मोजमाप झाल्यासारखे भासवते.

मूल्य आहे पण ते अशक्य वाटते, अशा वेळी निर्णय अधिक कठीण होतो. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली आणि ती देशभर चर्चेत आली. शहरातील काही केंद्रांवर त्याच दिवशी तापमान ४४ अंशांच्या आसपास होते. ही नोंद अधिकृत नसून संवेदकातील बिघाडामुळे आली असावी, असे हवामान विभागाने स्पष्ट केले. असे एक मूल्य विदेत असले, की आपोआप ठरणारा अक्ष साठपर्यंत ताणला जातो आणि उरलेल्या महिन्याचे चढउतार चपटे होतात. ते मूल्य गुपचूप वगळल्यास आलेख नीटस दिसतो खरा, परंतु बातमी वाचून आलेल्या वाचकाला ती नोंद सापडत नाही आणि त्याचा आलेखावरील विश्वास कमी होतो. अक्षाची मर्यादा स्वतः ठरवून देणे, संशयास्पद बिंदू वेगळ्या खुणेने दाखवणे आणि माहिती-चौकटीत तसे नमूद करणे हा मार्ग अधिक योग्य होय. मूळ विदा बदलू नये; शंका दर्शवणारा स्वतंत्र रकाना जोडावा.

रेखाटनातील अडचणी

एसव्हीजीमध्ये उभा अक्ष वरून खाली वाढतो, त्यामुळे मापनश्रेणी उलट न दिल्यास आलेख डोक्यावर उभा राहतो. चार्ट.जेएसमध्ये वर्ष बदलल्यावर त्याच कॅनव्हासवर नवा आलेख काढू गेल्यास कॅनव्हास आधीच वापरात असल्याची त्रुटी येते. जुना आलेख ‘डिस्ट्रॉय’ने नष्ट करावा किंवा त्याचीच विदा बदलून ‘अपडेट’ करावे. डीथ्रीमध्ये विदा जोडताना ओळख-किल्ली न दिल्यास घटक क्रमांकानुसार जुळतात, आणि क्रमवारी बदलताच वर्ध्याचा स्तंभ भंडाऱ्याचे नाव घेऊन उभा राहतो. लपवलेल्या टॅबमध्ये काढलेल्या आलेखाला रुंदी शून्य मिळते. टॅब उघडल्यावर त्याचे आकारमान पुन्हा मोजावे लागते.

माहिती-चौकट माऊसखालीच आल्यास ती सतत लुकलुकते. चौकटीने माऊसच्या घटना स्वीकारू नयेत, अशी सूचना शैलीपत्रकात दिल्यास हे थांबते. मोबाइलवर माऊस नसतो, म्हणून तीच माहिती स्पर्शानेही उघडली पाहिजे. डीथ्रीच्या सहाव्या आवृत्तीत घटना थेट फंक्शनला दिली जाऊ लागली. जुन्या पुस्तकांतील उदाहरणे उतरवून घेणाऱ्यांना नेमकी येथेच ठेच लागते.

दर तासाच्या नोंदी वर्षाला ८,७६० होतात. दहा वर्षांच्या नोंदींसाठी एसव्हीजीचे स्वतंत्र बिंदू काढले, तर पान जड होते. तेथे कॅनव्हास वापरावा किंवा नोंदी आधी विरळ कराव्यात.

देवनागरी मजकूर

लांब नावे ठरावीक वर्णसंख्येवर तोडण्याची सवय मराठीत महागात पडते. ‘चंद्रपूर’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण युनिकोडमध्ये तो आठ वर्णांचा आहे. पहिले चार वर्ण घेतल्यास ‘चंद्’ असा पाय मोडलेला तुकडा उरतो. ब्राउझरमधील ‘सेगमेंटर’ हे साधन अक्षरांच्या सीमा ओळखते. मात्र जोडाक्षर अखंड मानण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत आला, त्यामुळे जुने ब्राउझर ‘द्र’ अजूनही तोडतात. शक्य असेल तेथे नाव तोडण्याऐवजी स्तंभ आडवे करावेत. अक्षरांतील अंतर वाढवल्यास शिरोरेषा तुटते. कॅनव्हासवर टंक उतरण्याआधी लिहिलेला मजकूर दुसऱ्याच टंकात उमटतो व आपोआप सुधारत नाही, म्हणून टंक तयार झाल्यावरच आलेख काढावा. नावांची क्रमवारी लावताना मराठीचे नियम स्पष्टपणे मागावेत. एरवी ‘ळ’ हा ‘ह’नंतर न येता ‘ल’ला चिकटून येतो.

नकाशे

जिल्हावार नकाशात रिकामे राहणारे जिल्हे हे बहुधा नावे न जुळल्याचे लक्षण असते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला व राज्यातील जिल्हे ३६ झाले; २०११ च्या जनगणनेत ते ३५ आहेत. नव्या सीमांवर जुनी विदा टाकल्यास पालघर कोराच राहतो आणि ठाण्याला दोघांची मिळून लोकसंख्या मिळते. औरंगाबाद, उस्मानाबाद व अहमदनगर यांची नावे बदलली आहेत, तर इंग्रजीतून घेतलेल्या तक्त्यांत बीड, गोंदिया, बुलढाणा यांचे वर्णलेखन एकसारखे नसते. नावांऐवजी जनगणनेचे सांकेतिक क्रमांक वापरल्यास हा गोंधळ टळतो. २०११ च्या यादीत नागपूर जिल्ह्याचा क्रमांक ५०५ आहे. डीथ्रीमध्ये एखाद्या जिल्ह्याऐवजी संपूर्ण नकाशा एकाच रंगाने भरला गेल्यास त्या जिल्ह्याच्या सीमाबिंदूंचा क्रम उलटा आहे, असे समजावे.

सुगम्यता

कॅनव्हासवरील आलेख पडदावाचकाला दिसत नाही, तर एसव्हीजीतील आकृतींना शीर्षक दिले तरच त्या वाचल्या जातात. दोन्ही बाबतींत आलेखाखाली त्याच आकड्यांचा साधा तक्ता ठेवणे उपयुक्त ठरते. जावास्क्रिप्ट बंद असलेल्या किंवा मंद जोडणीवरील वाचकाला तेवढाच दिसतो, आणि आलेख तपासणाऱ्या प्रोग्रामरलाही दोन्हींतील आकडे शेजारी ठेवून पाहता येतात.